मैदानाचा नकाशा मागितला तेव्हा

मी काही लिहावं आणि ते कुणी वाचावं अशी माझी योग्यता आहे का, हे मला खरंच माहीत नाही. म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते अर्ज होते, आणि तेही तहसीलबाहेर टेबल टाकून बसणाऱ्यांकडून लिहून घेतलेले. मी स्वतः मन लावून लिहिलेली पहिली गोष्टसुद्धा अर्जच होता. तेवढ्या एका अर्जाच्या जोरावर हे धाडस करतो आहे. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

आमचं गाव किल्लारीहून जीपनं जवळच. भूकंपानंतर सरकारनं नव्या जागी वसवलेलं. माझा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला, त्यामुळे मला गाव म्हणजे असंच वाटायचं: सरळ रस्ते, सारख्या भिंती, घरांवर नंबर. पाहुणे अजून चुकून शेजारच्या घरात शिरतात, पाणी पितात, ख्यालीखुशाली विचारतात आणि मग त्यांना कळतं.

माझी बहीण नववीत होती आणि खो-खो खेळायची. गावातल्याच हायस्कूलच्या मुलींचा संघ होता, आणि चांगला होता. पण शाळेच्या पटांगणात पेव्हर ब्लॉक बसवले गेले. त्याचं उद्घाटन झालं, नारळ फुटला, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलींना खेळायला माती राहिली नाही. मग त्या पाण्याच्या टाकीजवळच्या डांबरी रस्त्यावर खेळायला लागल्या. कुणाची मोटारसायकल आली की सगळा संघ बाजूला.

त्या हिवाळ्यात त्या नांदेडला एका स्पर्धेला गेल्या आणि पहिल्याच सामन्यात हरून परत आल्या. मी सुट्टीला घरी होतो. बहीण बॅग टाकून ओट्यावर बसली.

"दादा, तिकडच्या पोरी अशा सूर मारत्यात, जसं काय खाली गादी हाय. धावणारी निसटली की मारला सूर, पकडली. आम्ही आपल्या उभ्याच."

"मग शिका की."

"कुठं, डांबरावर? तू मारून दाखव एक. मी मोबाइलवर शूटिंग घेते."

मी विषय बदलला. पण रात्री जेवताना तिनं खरं काय ते सांगितलं. खेळाचे सर म्हणाले होते की पुढच्या वर्षापर्यंत मातीचं मैदान मिळालं नाही तर संघ पाठवणार नाही, कारण गुडघे फोडून घ्यायला मुली आणायच्या नाहीत. दोघींचं खेळणं तर घरून आत्ताच बंद झालं होतं. ती हे ताटाकडे बघून सांगत होती. ती कधी ताटाकडे बघून बोलत नाही.

गावातले म्हातारे सांगायचे की नवं गाव बसवलं तेव्हा पोरांसाठी मोठं मैदान ठेवलं होतं, नकाशात होतं. कुठं होतं, ते मात्र प्रत्येकजण वेगळ्या दिशेला हात करून सांगायचा.

लातूरला परतल्यावर आमच्या कॉलेजात एका सरांनी माहितीच्या अधिकारावर तास घेतला. मला एकदम वाटलं, हे आपल्यासाठीच चाललंय. त्याच संध्याकाळी मी ग्रामपंचायतीच्या नावानं अर्ज लिहिला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं आणि पोस्टात टाकला. अक्षर वळणदार काढलं होतं. मजकूर असा होता: आमच्या गावातील मुलींना खेळायला मैदान का नाही? त्यांच्यावरील हा अन्याय किती दिवस चालणार? कृपया माहिती द्यावी.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. तरी माझ्या नावाचं सरकारी पाकीट बघून मला बरंच वाटलं. मी ते होस्टेलच्या खोलीत एकाला दाखवलं. तो हदगावकडचा, माझ्या दोन वर्षं पुढे. त्यानं माझा अर्ज मागितला, वाचला, पुन्हा वाचला.

"हे काय लिहून राहिला रे तू? माहिती मागून राहिला का भांडून राहिला?"

"भांडण नाही, विनंतीच केलीय."

"‘का’ विचारशील तर ते म्हणतील आम्हाला काय माहीत. ‘का’ सोड. कागद कुठाय ते विचार. असल तर द्यावा लागतो, नसल तर नाही म्हणून लिहून द्यावं लागतं. मधलं काही नाही."

त्याच्यासमोर बसून दुसरा अर्ज लिहिला. एकच ओळ: आमच्या गावाच्या पुनर्वसनाच्या मंजूर नकाशाची साक्षांकित प्रत मिळावी. मला तो अर्ज फार रुक्ष वाटला. निदान ‘आपला विश्वासू’ तरी नीट लिहू दे, म्हणालो. त्यानं ते लिहू दिलं.

तो अर्ज गावात पोचला आणि गावात काय झालं ते मला फोनवर कळलं. आमच्याकडे माहितीचा अधिकार म्हणजे कुणीतरी कुणाच्यातरी मागे लागलंय, असाच अर्थ घेतात. नुसता नकाशा मागायला कोण अर्ज करेल? ग्रामसेवकांनी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोलावून चहा पाजला. चहाबरोबर बिस्किटंही होती, त्यामुळे अण्णा जास्तच घाबरले.

"काय करलालास रे तू तिकडं? शिकायला गेलास का केस करायला?"

"अण्णा, फक्त नकाशा मागितलाय."

"नकाशा कामून? तुला गाव सापडंना झालंय का?"

पुढच्या वेळी गावात गेलो तर फाट्यावर उतरल्या उतरल्या रेशन दुकानदारानं मला थांबवलं आणि काही न विचारता सांगितलं, "आपलं सगळं मशीनवर हाय बरं का. अंगठा लावल्याशिवाय दाणा हालत न्हाई." मी हो म्हणालो. आमच्या गल्लीतला वर्षभर बंद असलेला दिवा लागला होता. आई म्हणाली, "आजून दोन-चार अर्ज टाक. नळाला बी पाणी येईल."

ग्रामपंचायतीनं मात्र प्रामाणिकपणे कळवलं की नकाशा त्यांच्या दप्तरी नाही, आणि अर्ज लातूरच्या पुनर्वसन शाखेकडे पाठवून दिला. तिथून मला पत्र आलं की येऊन नकाशा बघा, हवी ती प्रत घ्या.

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. दारात चपला काढाव्यात की नाही कळेना, म्हणून काढल्या. आतल्या मॅडम म्हणाल्या, "घाल रे चपला, हे देऊळ नाही. कुठलं गाव?" त्यांनी कपाटावरून गुंडाळ्या काढल्या. तिसरी आमच्या गावाची निघाली. टेबलावर पसरली तर टोकं वर येत होती, म्हणून एका कोपऱ्यावर त्यांनी डबा ठेवला, एकावर पाण्याची बाटली, आणि उरलेले दोन मी हातांनी धरले.

आपलं गाव वरून कसं दिसतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला फार आनंद झाला, कशाचा ते सांगता येणार नाही. मारुतीचं देऊळ सापडलं, टाकी सापडली, मग गल्ल्या मोजत मोजत आमचं घर. अंगठ्याच्या नखाएवढं, पण आमचं. आणि घराच्या मागे, दोन ओळी सोडून, एक मोठा मोकळा चौकोन. त्यात लिहिलेलं: क्रीडांगण.

मी तिथं बोट ठेवलं आणि डोळ्यांसमोर ती जागा आणली. तिथं आमचा गोठा होता. गोठ्याला लागून आमची कडब्याची गंजी. गंजीच्या पलीकडे आमचा उकिरडा. आणखी दोघातिघांच्या गंज्या होत्या तिथं, पण सगळ्यांत मोठी आमची.

"सापडलं ना?" मॅडम म्हणाल्या. "मग तोंड असं का झालं?"

"सापडलं, मॅडम. आमच्याच गोठ्यात निघालं."

"मग बरंच की. शोधायला लांब जायला नको."

प्रत घेऊन मी त्याच दिवशी घरी गेलो, पण पिशवीतून ती काढायचं धाडस होईना. बहिणीनंच काढली. बाजेवर पसरली आणि म्हणाली, "मैदान कुठाय?" मी बोट ठेवलं. ती वाकून बघत राहिली. कळलं तशी जी हसायला लागली ती बाजेवरून खालीच घसरली. मग उठून बाहेर गेली.

"अण्णा, तुमची म्हैस आमच्या मैदानात उभी हाय."

"म्हशीला दाखव नकाशा. वाचता येत आसल तर जाईल."

"अण्णा, खरंच. शिक्का हाय त्याच्यावर."

अण्णा आत आले. नकाशाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "सरकारनं घरं दिली. पक्की दिली, न्हाई म्हणत न्हाई. पण जनावराला जागा दिली का? दोन खोल्या आन पुढं रस्ता. मग मी कुठं बांधू म्हशी? तुझ्या होस्टेलात?"

त्यांचं चूक नव्हतं. सगळ्या गावानं तेच केलं होतं, आणि ते मैदान अडवताहेत असं तेव्हा कुणाला वाटलंच नसेल. एकीकडे ती म्हैस, जिच्या दुधावर माझी मेस चालत होती, आणि एकीकडे भिंतीला टेकून उभी असलेली बहीण. तिचं हसू आता गेलं होतं. ती नखानं भिंतीचा रंग काढत होती.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मैदानाशिवाय आजून काय काय लिव्हलंय त्यात, ते तरी वाच की."

मी मोठ्यानं वाचायला लागलो. शाळा. दवाखाना. समाजमंदिर. बाजार. वाचत वाचत वरच्या टोकाला आलो, जिथं ओढ्याची वाकडी रेघ होती. गुरे व कडबा यांसाठी राखीव.

"काय म्हनलास? परत वाच."

परत वाचलं. अण्णांनी आता पहिल्यांदा नकाशाकडे बघितलं. "ओढ्याच्या अंगाला? तिथं तर नुसत्या वेड्या बाभळी हायत. शेळी शिरंना तिथं." बोलता बोलता त्यांनी चपला घातल्या. "चल. घे त्यो कागद."

ओढ्याकडं जाताना नकाशा त्यांच्या हातात होता आणि उलटा होता. मी दोनदा सरळ करून दिला, त्यांनी दोनदा उलटा केला. त्यांना आपलं घर खाली नाही, वर हवं होतं. बाभळीत शिरल्यावर काटा चपलेतून आरपार आला. एका पायावर उभं राहून तो काढता काढता ते सगळीकडे बघत होते. "आमच्या घराएवढी चाळीस बसतील हितं," म्हणाले. "आन मी त्या उकिरड्यावर भांडलो शेजाऱ्यासंगं."

घरी आल्यावर हातपायसुद्धा न धुता म्हणाले, "एक अर्ज माझ्या नावानं लिव्ह. ही जागा आज कुणाच्या नावावर हाय, त्याचा उतारा मागायचा. आन आमच्या म्हशींला ती आजवर कामून न्हाई दिली, ते बी विचार."

"‘कामून’ विचारता येत न्हाई, अण्णा."

"मग आधी उताराच मागू."

सही त्यांनी स्वतः केली, एकेक अक्षर दाबून. अर्ज द्यायलाही स्वतःच गेले आणि पोच घेतल्याशिवाय उठले नाहीत. ग्रामसेवक म्हणाले, "तुम्ही बी आता?" अण्णा म्हणाले, "घरात साथ आलीय. पोराकडून लागण झाली."

जागा ग्रामपंचायतीचीच निघाली. ग्रामसभेच्या दिवशी मी भिंतीला टेकून बसलो होतो. बोलायचं माझ्याकडे होतं, पण मी नकाशाची गुंडाळी सोडतच नव्हतो. नकाशा वाचायचा म्हणजे पहिलं नाव घरचंच घ्यावं लागणार. मी उठेपर्यंत अण्णाच उठले.

"मैदानात सगळ्यात मोठी गंजी माझी हाय, हे सगळ्याला ठाव हाय. मी आधी हलवतो. पण बाभळी काढून द्या. पोरींला बी जागा हाय, म्हशींला बी हाय. नकाशात दोन्ही लिव्हलंय, माझ्या मनाचं काय न्हाई."

मागून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, म्हशीला खो द्या!" सगळी सभा हसली. ठराव झाला. मला वाटलं, झालंच आता.

झालं नाही. मी लातूरला आलो, आणि फोनवर दर वेळी वेगळं ऐकू यायला लागलं. जेसीबी येणार होता, तो दुसऱ्या गावाला गेला. मग आला तर डिझेलवरून अडलं. बाभळी निघाल्या, पण एका शेजाऱ्यानं आपली गंजी हलवायला नकार दिला. अण्णा त्याला रोज नकाशा दाखवायला जातात, असं आई म्हणाली. तो आता लांबूनच हात जोडतो. इकडे बहीण दहावीत गेली, स्पर्धांचे दिवस जवळ येत होते, आणि ती फोनवर मैदानाचं नाव काढेनाशी झाली. मीही विचारत नव्हतो.

परीक्षेच्या आठवड्यात एका दुपारी अभ्यासिकेतून बाहेर आलो तर फोनवर घरचे कितीतरी मिस्ड कॉल. जिन्यातच उभं राहून फोन लावला. पलीकडे नुसता गलका, मुलींचं ओरडणं, कुणाचीतरी शिट्टी. मग बहीण आली, धापा टाकत.

"दादा, समद्यांच्या गंज्या गेल्या, आपला गोठा बी वड्याकडं गेला! अण्णांनी काल सगळ्यावर वखर फिरवला, आज सरांनी खांब रोवले. आन मी सूर मारला!"

"लागलं का कुठं?"

"काय बी न्हाई. लई मऊ हाय रे, दादा. इतक्या वर्सांचं शेण हाय ना खाली!"