आल्बर्टच्या वाट्याची प्रार्थना

विरारजवळच्या नंदाखाल गावातल्या आल्बर्टचा आवाज तीन आळ्यांपलीकडे ऐकू जायचा. मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, व्हायची, तेव्हा प्रार्थना सांगायला तोच पुढे असायचा. त्याची बायको क्लेमेंटीन घरी आल्यावर चिडवायची, "देवाला कमी ऐकू येतं का हो?" त्यावर तो आणखी मोठ्यानं हसायचा.

डिसेंबरातल्या एका सकाळी केळीचा लोंगर उतरवताना तो बुंध्याला टेकला आणि हळूच खाली बसला. क्लेमेंटीननं हाका मारल्या. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, पण शब्दाच्या जागी नुसता घोगरा सूर आला. अर्धांगवायूचा झटका होता. अठरा दिवसांनी तो इस्पितळातून घरी आला, तेव्हा पाय ओढत का होईना चालत होता. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहायचा आणि वाचा पार गेली होती.

त्याला समजत सगळं होतं, हेच जास्त कठीण होतं. तो डाव्या हातानं खिडकीकडे दाखवायचा, ती खिडकी लावायची. त्याला ती उघडी हवी असायची. मग तो पलंगावर मूठ आपटायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "बोलणं परत येईलही, कदाचित येणारही नाही. धीर धरा."

धीर हा क्लेमेंटीनचा गुण नव्हताच. थांबायला नको म्हणून गॅस मोठा करून चहा उकळणारी बाई ती. वाडीतली केळी, सोनचाफ्याची फुलं, आल्बर्टची आंघोळ, त्याचे व्यायाम, सगळं ती धावत करायची आणि धावतच देवाकडे मागायची. मुलगा एरॉल जहाजावर होता. त्याचा फोन आला की आल्बर्ट फोनच्या पडद्याकडे बघत राहायचा आणि ती त्याच्या वतीनं बोलायची.

तीन महिने असेच गेले. आल्बर्टची धाकटी बहीण अँजेलिना बोळिंजला राहायची. दर रविवारी यायची आणि जाताना डोळे पुसत जायची. एका रविवारी तिनं क्लेमेंटीनला मागच्या पडवीत नेलं.

"वहिनी, हायवेच्या पलीकडे एक भगत आहे. माझ्या बिल्डिंगमधल्या बाईचा सासरा त्यानं बोलता केला. आपण एकदा जाऊन येऊ."

"वेड लागलं का तुला? फादरना कळलं तर?"

"फादरना कशाला सांगायचं? देवाला सांगून झालं ना तीन महिने? आता आणखी कुणाला विचारलं तर काय बिघडतं?"

क्लेमेंटीननं दोन आठवडे तो विषय झटकून टाकला. मग एका दुपारी आल्बर्टनं ताट भिरकावलं. भात भिंतीला चिकटला आणि तो मोठा माणूस हुंदके देऊन रडू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शेजारच्या नर्मदाला घरी बसवलं आणि अँजेलिनाबरोबर रिक्षात बसली.

भगताच्या खोलीत धुपाचा धूर कोंदला होता. पाटावर एक पितळेचा मुखवटा होता. भगत तोंडाचा गोड होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मुखवटा फडक्यात गुंडाळून पुढे केला.

"पाच अमावास्या हा घरात ठेवायचा. ह्याला नैवेद्य दाखवायचा. ह्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे काही मागायचं नाही. तोवर तुमच्या देवळात जाऊ नका. आणि गळ्यातलं ते काढून ठेवा, बाई."

तिच्या गळ्यात आईनं दिलेला बारीक क्रूस होता. तिचा हात मानेमागे गेला, साखळीचा फासा सापडला. अँजेलिना डोळ्यांनी खुणावत होती, काढ, काढ. क्लेमेंटीनची बोटं तिथंच थांबली. नवऱ्यासाठी तिनं हवं ते केलं असतं. पण जन्मभर ज्याच्या पुढ्यात हसली-रडली, त्याला आज 'तू नकोस' म्हणायचं, हे तिला जमेना. ती उठली.

"मला नाही जमणार, दादा. माफ करा."

परतीच्या वाटेवर अँजेलिना भडकली. "आणि तो असाच राहिला तर?"

"राहिला तर राहिला. मी सांभाळीन त्यांना. पण देवाकडे पाठ करून मला त्या घरात वावरता येणार नाही गं."

बोलून गेली खरी, पण आतून ती घाबरली होती. घरी जायच्या आधी ती चर्चमध्ये जाऊन बसली. 'तुझं ऐकलं, आता तू माझं ऐक,' असं अगदी ओठांवर आलं. मग तिच्या लक्षात आलं, हे तर त्या खोलीतल्यासारखंच झालं. हे द्या, ते घ्या. तिनं ते वाक्य गिळलं आणि म्हणाली, "मला थांबायला शिकव. मला येत नाही ते."

नर्मदापासून तिनं काहीच लपवलं नाही. नर्मदा म्हणाली, "बरं केलंस परत आलीस ते. आम्हीसुद्धा असल्यांच्या दारात जात नाही. आमच्या अक्षयाला विचार की! ती हेच तर काम करते."

अक्षया म्हणजे नर्मदाची सून. विरारच्या एका दवाखान्यात ती वाचा गेलेल्या माणसांना बोलायला शिकवायची. त्याच संध्याकाळी ती आली, आल्बर्टसमोर खुर्ची ओढून बसली आणि तासभर त्याच्याशी बोलली.

"काकू, रोज अर्धा तास मी सांगते ते व्यायाम. आणि काकांना लहानपणापासून पाठ असलेलं काहीतरी रोज ऐकवा. पाठ असलेलं कधी कधी आधी बाहेर येतं. फक्त त्यांच्या जागी तुम्ही बोलू नका. थांबा."

पुन्हा तेच, थांबा! क्लेमेंटीनला हसूच आलं.

रोझरी दोघांत वाटून म्हणायची असते. अर्धी प्रार्थना एकानं म्हणायची, उरलेली दुसऱ्यानं. लग्नापासून घरात पहिला अर्धा भाग तिचा आणि उरलेला आल्बर्टचा. त्या दिवसापासून ती आपला भाग म्हणायची आणि त्याच्या भागाला लागेल तेवढा वेळ गप्प बसायची. घरात पंख्याचा आवाज तेवढा यायचा. आल्बर्ट भिंतीवरच्या क्रुसाकडे बघत बसायचा. मग ती पुढचा मणी ओढायची. पूर्ण व्हायला दुप्पट वेळ लागायचा, तोवर भात गार व्हायचा. एप्रिल गेला, पावसाळा सरत आला. तो गप्पच. कधी कधी तिला वाटायचं, आपण भिंतीशी बोलतोय. तरी संध्याकाळ झाली की ती दोन खुर्च्या जवळ ओढायची.

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी तिनं रोझरीतली स्वर्गातल्या बापाची प्रार्थना आपल्या वाट्यापुरती म्हटली आणि थांबली.

"भाकर," आल्बर्ट म्हणाला.

तिला आधी वाटलं, भूक लागली असेल. ती उठायलाही लागली. मग ती परत खुर्चीत बसली. त्याच्या वाट्याच्या प्रार्थनेत रोजची भाकरच तर मागायची असते! तो आपल्या जागेवर बरोबर आला होता.

"परत म्हणा," ती कुजबुजली.

"रोजची... भाकर."

क्लेमेंटीन त्याच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडली. त्यानं डाव्या हातानं तिचे केस थोपटले. मग ती तशीच अनवाणी नर्मदाच्या अंगणात धावली आणि अक्षयाला मिठी मारली. "देवानं तुला आमच्या शेजारी ठेवलं गं, पोरी!" अक्षयाचेही डोळे भरले.

त्यानंतर शब्द एकेक करून आले, काही वाकडे, काही अर्धवट. नाताळात फोनवर तो "एरॉल, जेवलास?" एवढं म्हणाला आणि पलीकडे मुलगा हसत-रडत काय काय जेवलो ते सांगत सुटला. उजवा हात अजून तसाच आहे. तो बहुधा तसाच राहील. क्लेमेंटीन त्याबद्दल कुरकुरत नाही. चर्चमध्ये आभाराची मिस्सा, म्हणजे खास प्रार्थनाविधी, तिनं आणि अँजेलिनानं मिळून ठेवली. त्या दिवशी अँजेलिना तिच्याशेजारी गुडघे टेकून बसली, भगताचा विषय दोघींनीही काढला नाही.

मागच्या आठवड्यात जेवताना आल्बर्टनं बोंबलाच्या कालवणाचा घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि एकेक शब्द जुळवत म्हणाला, "किती... मीठ... घातलंस?"

पूर्वी ह्यावर तिनं भांडण काढलं असतं. आता ती मागच्या पडवीत गेली, पदर तोंडाला लावला आणि पोट दुखेपर्यंत हसली. मग आभाळाकडे बघून म्हणाली, "ऐकलंस ना?" आणि त्याला आणखी भात वाढायला आत आली.