राणीच्या वाटणीचं मीठ

काकासाहेब हे पारनेर तालुक्यातले प्रगतशील गोपालक. त्यांची प्रगती गोठ्यात सुरू व्हायची आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली की बाहेरच थांबायची.

गोठ्यात राणी नावाची गाभण जर्सी होती. आयोडीन कमी पडलं तर वासरू अशक्त निपजतं, असं जनावरांचे डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून राणीच्या आंबोणात पुडीतलं मीठ पडू लागलं. पुड्या गोठ्यातल्याच पत्र्याच्या पेटीत असत. घरात मात्र आठवडे बाजारातलं मोकळं खडे मीठ. त्यात आयोडीन नावालाही नसायचं. बाजारात नाही नाही ते हात लागतात म्हणून काकासाहेबांच्या पत्नी छबूबाई ते खळखळून धुवून उन्हात वाळवायच्या. त्यांचा गळा सुजला होता, ती सूज खात्यापित्या घराची खूण समजली जायची.

एके दिवशी गरोदर सून मोनिका दवाखान्यातून आली.

"मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी पुडीतलं मीठच खा म्हणून सांगितलंय. पोटातल्या बाळाचा मेंदू त्याच्यानं नीट वाढतो."

"आमी जल्मभर खडे मीठ खाल्लं. आमच्या मेंदूचं काय आडलंय?"

"ते तिला इचारू नका," छबूबाई चुलीपासून म्हणाल्या.

मोनिकानं मान खाली घातली. "मामा, राणीला कितवा म्हैना?"

"सहावा."

"मला बी सहावाच हाय."

काकासाहेब खाकरले, पेटीकडं गेले आणि एक पुडी आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी छबूबाईंनी रिवाजाप्रमाणे ती पुडी चाळणीत ओतली आणि वर तांब्याभर पाणी सोडलं. बघता बघता चाळणी रिकामी.

"अहो, एक खडा टिकला न्हाई! भेसळीचं हुतं!"

"मी म्हन्लो नव्हतो?" काकासाहेब जिंकले. खाली पातेल्यात साठलेलं खारं पाणी वाया कसं घालवायचं? ते थोडं थोडं करून राणीच्याच आंबोणात गेलं.

तेव्हापासून आंबोण कालवायचं काम मोनिकानं स्वतःकडं घेतलं. गोठ्यातून येताना तिच्या पदराआड वाटी असायची आणि आमटी उतरवली की खड्या मिठाऐवजी वाटीतलं मीठ आमटीत.

पारावर काकासाहेब सांगायचे, "सून जनावराचं लई करती. राणी पुडीमागून पुडी फस्त करती."

रात्री आमटीचा भुरका मारून ते छबूबाईंना म्हणायचे, "बघ, खड्या मिठाची सर त्या पुडीला न्हाई."

मोनिका त्यांना आणखी आमटी वाढायची.