पेज म्हणजे पाणी नव्हे

आज सकाळी लाखनीहून भाचीचा फोन आला. "मावशी, उद्या बाबांची कोलोनोस्कोपी आहे. आज पेज चालते का?"

नाही चालत, मैत्रिणींनो.

ऐंशीच्या दशकात माझ्या सासऱ्यांची हीच तपासणी नागपूरला होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, आरपार दिसेल तेवढंच प्यायचं. मी पाणी, गाळलेलं लिंबूपाणी आणि बिनदुधाचा चहा दिला. शेजारीण मायेनं पेजेनं भरलेला गंज घेऊन आली. मी तो दारातूनच परत पाठवला.

सासरे भडकले. "पेज म्हंजे पाणीच ना, सूनबाई! काहून उपाशी मारून राहिली मले?"

दुसऱ्या दिवशी तपासणीत आतडं स्वच्छ होतं, म्हणून बारीकशी गाठ दिसली आणि वेळेत निघाली.

पुढे सासरे गावभर सांगत, "सुनेनं पेजही नाही देल्ली, म्हणून जगलो मी!"

तुमच्या घरी इतकं कठोर कोण होतं?