हजर, पण रजिस्टरात नाही

आमच्या बदलापूरच्या काकांना जगातल्या कुठल्याही अन्यायावर अर्ज लिहिता येई, आणि अन्याय हाताशी नसला तर ते आधी तो शोधून काढत. ते माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. मॅट्रिकनंतर कॉलेज न बघताच त्यांनी कल्याणच्या कोर्टात उभा जन्म कारकुनी केली, आणि पेन्शनीत निघाल्यावर कोर्ट जणू स्वतःबरोबर बदलापूर गावात घेऊन आले. अंबरनाथला आमच्याकडे जेवायला आले की पहिला घास घेऊन म्हणत, "सदरहू आमटीत मीठ नाही, सबब ती फेरविचारासाठी परत पाठवण्यात येत आहे." आईही तितक्याच गंभीरपणे म्हणे, "भावोजी, अपील चुलीपाशी करा." मांजर्लीचा दूधवाला दोन दिवस आला नाही, तेव्हा काकांनी त्याला 'कारणे दाखवा' अशी लेखी नोटीस दिली. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून ती त्यांनी स्वतःच त्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "काका, नदीला पानी आयलता. म्हस काय पोवत आनू?" काकांनी विचार करून नोटिशीखाली लिहिलं, 'कारण पुरेसे. गैरहजेरी माफ', आणि सही केली.

गैरहजेरीच्या बाबतीत काका इतके उदार होते हे माझं नशीबच म्हणायचं, कारण इंटरच्या वर्षी कॉलेजच्या फळ्यावर टर्म नामंजूर झालेल्यांची यादी लागली आणि तीत माझं नाव होतं. टर्म नामंजूर म्हणजे परीक्षेचा फॉर्म नाही. लॉजिकच्या तासांना माझी हजेरी नियमापेक्षा फारच कमी भरली होती. खरं तर मी एकही तास चुकवला नव्हता. पण मोठ्या हॉलमध्ये, पाठीमागे मुलांचे एवढे बाक असताना, माझा नंबर आला की 'प्रेझेंट, सर' हे माझ्या तोंडून अशा आवाजात निघे की शेजारच्या मुलीलाही ते दर वेळी ऐकू येत नसे. सर वर न बघता पुढचा नंबर पुकारत. आपली गैरहजेरी लागली हे मला कित्येकदा कळलंही. पण उठून सांगायचं म्हणजे सगळ्या हॉलनं वळून बघायचं. त्यापेक्षा गैरहजर राहणं सोपं होतं.

वडील चिडले नाहीत, तेच वाईट झालं. ते शांतपणे म्हणाले, "वर्ष फुकट गेलंच आहे, तर आता घरीच राहू दे. ठाण्याच्या लोकांना मी पत्र टाकतो." ठाण्याचे लोक म्हणजे माझ्यासाठी आलेलं स्थळ. मी आत जाऊन बसले. ही बातमी बदलापूरला पोचली आणि दुसऱ्या दिवशी काका छत्री आणि फाइल घेऊन हजर झाले.

"पत्र टाकू नकोस," त्यांनी वडिलांना बजावलं. "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे."

"दादा, कुठे प्रविष्ट आहे?"

"होईल. आता देशाची घटना झाली आहे. हायकोर्टात रिट लावू."

उल्हासनगरच्या कॅम्पात रस्त्याकडेला मशीन मांडून बसणाऱ्या एका सिंधी टायपिस्टाकडे ते मला घेऊन गेले. युनिव्हर्सिटीविरुद्धचा तो इंग्रजी मसुदा एकवीस कलमांचा होता आणि प्रत्येक कलम 'व्हेअरॅज'नं सुरू होत होतं. बाराव्या कलमाला टायपिस्टानं हात जोडले. "काका, इतना व्हेअरॅज मत डालो. मशीन का डब्ल्यू टूट जाएगा." काका म्हणाले, "टूटने दो. लडकी का साल टूटता है."

पण हायकोर्टाआधी प्रिन्सिपॉलांसमोर दाद मागायला हवी, आणि त्याला पुरावा हवा. "तुझी लॉजिकची वही दे," काका म्हणाले. त्या वहीत डाव्या पानावर लॉजिक होतं आणि उजव्या पानावर, तारखेसकट, मी कोणालाही न दाखवायच्या गोष्टी लिहिल्या होत्या. वर्ष हवं की वही, हे ठरवायला मला एक अख्खी दुपार लागली. संध्याकाळी मी वही त्यांच्या हातात दिली.

प्रिन्सिपॉलांनी एकवीस कलमं डोळे मिटून ऐकली. "नियम नियम आहे," ते म्हणाले. "रजिस्टरात ती नाही." लॉजिकचे सर शेजारीच बसले होते. मग काकांनी वही उघडली आणि कोर्टात पुकारा करावा तशा खणखणीत आवाजात उजवं पान वाचलं: "'आज सरांनी कोटाचं बटण एक घर चुकवून लावलं आहे. व्याख्या सांगताना दोनदा खाली बघितलं, तरी लक्षात आलं नाही.'" सरांचा हात कोटाकडे गेला. "'हेच उदाहरण मागच्या मंगळवारीही सांगितलं होतं. तेव्हा हसलेली मुलं आज हसली नाहीत.'" जमीन दुभंगावी असं मला वाटत होतं. प्रिन्सिपॉल खिडकीबाहेर बघून खोकले. सरांनी वही मागून घेतली, बरीच पानं उलटली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही वर्गात होती. माझ्यापेक्षा जास्त होती." तिथेच टर्म मंजूर झाली.

परतताना मला वाटलं, काका खूश असतील. पण ते फाइल काखेत मारून हिरमुसलेले चालत होते. "हायकोर्टात गेलो असतो तर निकाल लागला असता," ते म्हणाले. "हा नुसताच न्याय झाला."

लॉजिकच्या पेपरला ते माझ्याबरोबर सेंटरपर्यंत आले. फाटकावरच्या शिपायानं त्यांना अडवलं, "फक्त परीक्षेला बसणारे आत." मला वाटलं, आता हे लेखी मागणार. पण काका बाजूला झाले आणि मला आत जायला वाट करून दिली. तीन तासांनी मी बाहेर आले तेव्हा ते तिथेच उभे होते. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी प्रश्नपत्रिका मागितली, चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, एका प्रश्नापाशी बराच वेळ थांबले, आणि मग त्यांनी मला कधी नव्हे इतक्या हळू आवाजात विचारलं,

"पोरी, तुला लागणार नसेल, तर ही मी ठेवू?"