आईच्या डब्यातल्या कॅप्सुली

आई गेल्यावर तिच्या साड्या आम्ही बहिणींनी वाटून घेतल्या. चष्मा कोणीच नेला नाही. तिच्या अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सुलींचा स्टीलचा डबाही अमरावतीच्या घरी कपाटात तसाच राहिला. तो रिकामा होतो आहे, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही.

काही महिन्यांनी बाबांना बारीक ताप येऊ लागला. अंगाला खाज सुटायची, जेवण जाईना. मी अकोल्याहून भेटायला गेले तेव्हा त्यांचे पाय सुजलेले होते. लघवी कमी होते, हेही खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. बडनेऱ्याहून गाडीत बसवून मी त्यांना अकोल्याला घेऊन निघाले. आईलाही शेवटी याच गाडीनं आणलं होतं. बाबांचा डोळा लागला आणि मी त्यांची छाती वरखाली होते ना, एवढंच पाहत राहिले.

अकोल्याच्या दवाखान्यात रक्ता-लघवीचे रिपोर्ट वाचून डॉक्टरांनी विचारलं, "काका, रोजची औषधं कोणती?"

"एकबी नाई. या पोरीले पुस्तकं वाचू वाचू भेव वाटते, म्हनून आलो."

डॉक्टर हसले नाहीत. "दुखण्यावरची गोळी? पोटाची?"

"पोटाची तं तिची होती ना."

"कोणाची?"

"इच्या मायची." बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "सकायी चहाच्या आंधी घे ती. मी चहा मांडतो, मंग आठोन येते. वाया काहून जाऊ द्याची?"

डब्यातल्या संपल्यावर ते तिचीच रिकामी पट्टी दाखवून दुकानातून नव्या आणत होते. पोटाची तक्रार त्यांना कधी नव्हतीच.

घरोघरी खाल्ली जाणारी ही साधी कॅप्सूल, पण एखाद्याच्या मूत्रपिंडांना तिच्यानंच सूज येते, असं डॉक्टर म्हणाले. ती आजपासून बंद. पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढून तपासू. वेळेत थांबलं तर बरेचदा सुधारतं. 'बरेचदा' या शब्दापाशी मी अडकून बसले.

त्यांना दाखल करून घेतलं. वॉर्डात शर्ट बदलताना त्यांच्या खिशात एक पट्टी निघाली. मी हात पुढे केला.

"खात नाई व मी. जवळ असू दे फक्त. तिचं बाकी सारं तं तुमीच नेलं."

मी हात मागे घेतला नाही. त्यांनी पट्टी दिली आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या सकाळी रक्तातल्या क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडं किती बिघडलीत ते सांगणारा आकडा कालच्याइतकाच होता. चहा आला. बाबांनी कप घेतला आणि दुसरा हात सवयीनं खिशाकडे गेला. खिसा रिकामा आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी त्या हाताकडे पाहत राहिले.