कणसरीचा ओला पाय

तुम्ही कुणाला गोष्ट सांगायला बसवलंत आणि ती अर्ध्यावर असताना उठून गेलात, असं कधी केलंय? मला सांगू नका, स्वतःला सांगा. तुम्ही उठल्यावर त्या गोष्टीतल्या माणसांचं पुढं काय झालं, हे मनात आलं होतं का? माझ्या कधी आलं नव्हतं. ते मला पेठ तालुक्यातल्या पुंजा थाळकऱ्यानं शिकवलं. आणि मला सहजासहजी कुणी काही शिकवू शकत नाही, हे जमिनीच्या हक्कासाठी भांडणाऱ्या आमच्या संघटनेत कुणालाही विचारा.

पुंजाबाबाची उतारावरची दीड एकर नागली, म्हणजे नाचणी. पावसाळा संपला की बायको साळूबाईला घेऊन दिंडोरीकडं द्राक्षबागेत मजुरीला. अंगानं काटकुळा, बोलणं कमी. पण थाळी त्याची. काशाची थाळी, तिच्या मधोमध मेणानं उभी चिकटवलेली एक काडी. बोटं राखेत बुडवायची आणि काडीवरून वरून खाली सोडायची, एकामागून एक, धार काढल्यासारखी. काडी थरथरते आणि थाळी घुमायला लागते. तो आवाज कानाला लागत नाही, आधी मांडीला लागतो. जमीनच काहीतरी आठवतेय असं वाटतं. मग त्या घुमण्यावर पुंजाबाबा कणसरीची गोष्ट ठेवतो.

कणसरी म्हणजे दाण्याची आई. खळ्यावर कुणीतरी दाण्यावर पाय दिला, ती रुसली, घर सोडून निघाली. धाकटी सून मागं धावते, मुंगीला विचारते, दगडाला विचारते, ओहोळाला विचारते, आमची आई इकडून गेली का. शेवटी समजूत पटते आणि कणसरी परत फिरते. डोंगरावरून, झऱ्यावरून, बांधावरून, एकेक पाऊल. नवी नागली झोडपायच्या दिवशी दुपारी गोष्ट सुरू करायची आणि दिवा लावायच्या आत तिला धान्याच्या कणगीत आणून बसवायची. आणि गोष्ट एकट्यानं सांगायची नसते. समोर एक माणूस लागतं, दर ओळीला ‘हां’ म्हणणारं. हां आला की कणसरीचं पाऊल पडतं. चाळीस वर्षं तो हां साळूबाईचा.

शहाण्णव साली शहरातली काही हौशी मंडळी पाड्यावर आली. बाबांचा आवाज जपून ठेवू म्हणाली. जीपमध्ये बसवून नाशिकला एका स्टुडिओत नेलं. काचेमागं पुंजाबाबा, बाहेर बाकावर साळूबाई. तिचा हां टेपवर येईल म्हणून तिला आत घेतलं नाही. बाबा मला सांगत होता, “जिना चढायला लावला न् मधल्या पायऱ्या काढून घेतल्या, तसं झालं भाऊ.” तरी तो सांगत गेला. रुसवा झाला, शोध झाला, समजूत झाली, कणसरी परत फिरली. झऱ्यापाशी आली. एक पाय पाण्यात टाकला, दुसरा अजून काठावर. आणि टेप संपली.

“बास, बाबा. आम्हाला हवं तेवढं मिळालं,” काचेपलीकडून आवाज आला. चहा आला. माणसं उठली. बाबाची बोटं काडीवरच होती.

त्यानंतर सात वर्षं त्यानं थाळी लावली नाही. पाड्यावर नागली झोडपली जायची, नुसत्या काठीच्या आवाजात.

दोन हजार तीनला वनजमिनीच्या मोजणीसाठी मी त्या पाड्यावर महिनाभर होतो. एकदा सहज म्हटलं, बाबा, थाळी ऐकवा की. बाबा उठून बाहेर गेला. साळूबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “त्याला नको विचारू. ती बाई पाण्यात उभी हाय.”

“कोण बाई?”

“कणसरी. दुसरी कोण? सात वरसं झाली. ह्याला झोपंत तिचा पाय दिसतो. सकाळी उठतो तं ह्याचाच पाय गार. मी चोळून देते.”

मी बाबाला गाठलं. पहिल्यापासून लावा ना नवी, असं म्हणालो. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी शहाणपण गिळलं.

“पयल्यापासून लावली तं ती घरातून निघंल. पण ती तं झऱ्यात उभी हाय. एक बाई दोन ठिकाणी कशी चालवू? जिथं सोडली तिथूनच उचलाया पायजे. न् यंत्रापुढं सोडली, तं यंत्रापुढंच उचलाया पायजे.”

मी मोर्चात कलेक्टरशी भांडलोय, वनखात्याशी भांडलोय. हा हिशोब मात्र मी मान्य केला. म्हटलं, ठीक आहे. यंत्र मी शोधतो.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. शाळा मी सातवीत सोडली. पण बाजारात भाजी निवडायची तर भाजीवाला काय सांगतो ते ऐकायचं नसतं, तो काय झाकतो ते बघायचं असतं. मी एकच प्रश्न धरला. तुमचं यंत्र न थांबता किती वेळ चालतं?

आधी गेलो त्या जुन्याच स्टुडिओत. आता तो मोठा झाला होता. जमिनीवर गालिचा, भिंतीला अंड्याच्या खोक्यासारखा स्पंज, शीतपेटीइतकी थंड खोली. साहेब खुर्चीत गोल फिरत म्हणाले, “डिजिटल टेप आहे आपल्याकडे. मुंबईत मिळेल तोच आवाज. सलग एक तास. मग टेप बदलायची, दोन मिनिटं. चहा घ्यायचा.”

“आणि गोष्ट?”

“जोडू ना. कुठूनही तोडा, कुठेही जोडा. ऐकणाऱ्याला कळणार नाही.”

“सांगणाऱ्याला कळतं,” मी म्हणालो. “बरं, शहाण्णवची टेप आहे का?”

ते हसले. ती केव्हाच पुसली, तिच्यावर बनियनच्या जाहिरातीचं गाणं भरलं होतं. मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. चहा आला होता, तो तसाच ठेवून उठलो.

अजून दोन ठिकाणी फिरलो. एकानं मला यंत्रावरच्या दिव्यांची संख्या सांगितली. दुसऱ्यानं विचारलं, गोष्ट वीस मिनिटांत बसवता येईल का, बाकीच्यात मागे बासरी टाकू. शेवटी इंदिरानगरमधला एक फ्लॅट कुणीतरी सुचवला. मोहिनी नावाची मुलगी, तीसेक वर्षांची. बेडरूमला गाद्या आणि गोधड्या ठोकून तिनं स्टुडिओ केला होता. बाहेरच्या खोलीत संगणक. मधल्या भिंतीला काच नव्हती, खिडकी होती, तिला जाड तावदान बसवलेलं.

मी प्रश्न टाकला. ती म्हणाली, “टेप नाहीच. आवाज थेट संगणकात उतरतो, हार्ड डिस्कवर. तुमचे बाबा दमतील, डिस्क दमणार नाही. पण एक आधीच सांगते. लाईट गेली तर यूपीएसवर वीस मिनिटं. त्यापुढे माझ्या हातात काही नाही.”

चार ठिकाणांत स्वतःच्या यंत्राचं दुखणं सांगणारी ही एकटी. मी म्हटलं, इथंच.

डिसेंबरात सकाळच्या एसटीनं दोघं आली. साळूबाईनं थाळी नऊवारीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून मांडीवर धरली होती. मोहिनीनं दोघांना आत बसवलं, दोन माईक लावले, एक थाळीला आणि बाबाच्या तोंडाला, एक साळूबाईला.

“मला कशाला?” साळूबाई म्हणाली. “मागच्या टायमाला बाहेर बशिवलं व्हतं.”

“तुम्ही बाहेर बसलात तर ते बोलणार कुणाशी, आजी? भिंतीशी?”

साळूबाईनं माझ्याकडं बघितलं. “पोरगी चांगली हाय.”

मग मोहिनीनं हेडफोन लावला आणि कपाळाला आठी घातली. एक केबल काढली, लावली. टेबलाखाली शिरली. अर्थिंगची तार तपासली, ट्यूबलाईट बंद करून साधा बल्ब लावला, शेजारच्यांकडं जाऊन त्यांचा फ्रिज बंद करून आली. अर्धा तास असा गेला.

“काय झालं?” मी विचारलं.

“लाईनमध्ये भुणभुण येतेय. खालच्या सुरात. कुठून येते तेच कळत नाही. सफाईचा प्रोग्रॅम आहे, त्यानं नंतर उडवून टाकते.”

मी तावदानातून आत बघितलं. पुंजाबाबा डोळे मिटून बसला होता. बोटं राखेत बुडत होती, काडीवरून सरकत होती. सात वर्षं थंड पडलेली थाळी तो तापवत होता. मी मोहिनीचा खांदा धरून तिला खिडकीशी आणलं. तिनं एकदा बोटांकडं पाहिलं, एकदा हेडफोन कानावर घट्ट दाबला. मग खाली बसली.

“बाई गं,” ती एवढंच म्हणाली. “मी हीच उडवणार होते.”

बाराला सुरू झालं. बाबा काही न सांगता झऱ्यापासूनच निघाला. ‘पाण्यात पाय, काठाला पाय.’ साळूबाई म्हणाली, हां. आणि दुसरा पाय पाण्यात पडला.

पुढचं मला नीट सांगता यायचं नाही. भरदुपारी इंदिरानगरच्या त्या फ्लॅटमध्ये मला पाण्याचा वास आला. गोधड्यांवरची फुलं वाऱ्यानं हलल्यासारखी वाटली. कणसरी झरा ओलांडून आली, तिच्या ओल्या पावलाला मातीचे कण चिकटले. करवंदीच्या जाळीत तिचा पदर अडकला, धाकट्या सुनेनं एकेक काटा सोडवला, आणि त्या एकेका काट्याला एकेक हां. टेकडी आली. टेकडीवर ढग बसला होता. ढगानं वाट दिली. बाहेरच्या संगणकाच्या पडद्यावर हिरवी रेघ चालत होती, तीही नागलीच्या कणसांसारखी, वाकून, पुन्हा उभी राहून. थाळी घुमत होती आणि माझ्या मांडीत तेच घुमणं होतं. मी भांडखोर माणूस. त्या दिवशी तासभर माझं कुणाशीच भांडण नव्हतं.

कणसरी बांधावर आली आणि लाईट गेली.

आतला बल्ब विझला. आत अंधुक झालं. यूपीएस पीप असं ओरडला. मोहिनीनं घड्याळ बघितलं आणि आधी संगणकाचा पडदा बंद केला. “पडदाच जास्त खातो,” ती कुजबुजली. “आता आवाज उतरतोय की नाही ते दिसणार नाही. समजायचं उतरतोय.”

बाबाचे डोळे मिटलेलेच. त्याला काही कळलं नव्हतं. बांधापासून कणगीपर्यंत खळं, अंगण, ओटा, उंबरा. तो थबकत थबकत चालला होता, एवढ्या वर्षांनी आलेल्या माणसाला घाईनं कसं आत आणायचं. मी दार उघडून त्याला सांगायला निघालो. मोहिनीनं मनगट धरलं. “दाराचा आवाज जाईल. आणि बाबांची तंद्री तुटेल.”

मग मी दाराऐवजी खिडकीशी गेलो. साळूबाई वर बघत होती, विझलेल्या बल्बकडं. मग माझ्याकडं. मी एक बोट बल्बकडं केलं, मग ते मनगटावर टेकवलं, वेळ थोडा आहे म्हणून. कळेल की नाही, माहीत नव्हतं. दहा मिनिटं गेली होती.

तिनं हां म्हणणं बदललं. आधी ती ओळ संपल्यावर श्वासभर थांबून म्हणायची. आता ओळ संपता संपताच म्हणायला लागली. हां. हां. बाबाच्या पुढच्या ओळीला थांबायला जागाच राहिली नाही. बोटं काडीवर भराभर उतरू लागली. कणसरी खळ्यातून चालू लागली, अंगणातून तर ती धावलीच, दाणे तिच्या पदरातून सांडत होते आणि सून ते वेचत मागं येत होती. पीप. हां. पीप. हां. उंबरा. सुनेनं पाणी घेतलं, तिचे पाय धुतले, पदरानं पुसले, कोरडे केले. कणगीचं तोंड उघडलं. कणसरी बसली.

बाबानं काडी मुठीत धरली. थाळी गप्प झाली. अजून दोन वेळा पीप वाजलं, मोहिनीनं पडदा लावून सगळं जतन केलं, आणि संगणक मेला.

बाबा बाहेर आला, घामानं भिजलेला. साळूबाईला म्हणाला, “आज लय पळवलीस मला.”

“मग? सात वरसं उभी व्हती. पाय आखडले असतील तिचे, म्हणून पळवली.”

आठवड्यानं मी त्यांना पुन्हा नेलं, ऐकायला. एकूण एक तास बेचाळीस मिनिटं. मोहिनी म्हणाली, साध्या सीडीवर ऐंशी मिनिटंच मावतात, दोन सीडी कराव्या लागतील.

“म्हंजी दोन तबकड्या?” बाबानं विचारलं. “न् एक काढून दुसरी लावायची, तवर ती कुठं उभी राहील?”

मोहिनीनं डोक्याला हात लावला. दुसरा उपाय होता. एमपीथ्री केली तर सगळं एका सीडीवर बसतं. “पण बाबा, त्यात आवाज दाबून बसवतात. थाळीचं घुमणं थोडं बारीक होईल.”

“बारीक झाली तं होऊं दे. घरी पोचली पायजे.”

“आणि ते पीप? ते मात्र मी स्वच्छ काढून देते. दोन मिनिटांचं काम.”

बाबानं ते पुन्हा लावायला सांगितलं. बांधापासून उंबऱ्यापर्यंत ऐकलं. मग म्हणाला, “ऱ्हाऊं दे. त्यो बी हां म्हणतोय.”

पुढच्या हंगामात खळ्यावर त्यानं थाळी लावली, घरापासून, रुसव्यापासून, पहिल्यापासून. साळूबाई सांगते, आता त्याचे पाय सकाळी गरम असतात.

ही सीडी आता आमच्या संघटनेच्या कचेरीत मिळते. नेलीत तर एवढं करा. एक दुपार मोकळी ठेवा, फोन बाजूला ठेवा, आणि एकदा लावली की मध्ये बंद करू नका. शेवटाकडं पीप ऐकू आलं तर यंत्र बिघडलं असं समजू नका. साळूबाईच्या मागोमाग तुम्हीही हां म्हणा, आणि कणसरीला घरापर्यंत पोचवा.