बाहेर यायची दुसरी वाट

सदू शिगवणला पोहता येत नाही, हे त्याच्या पुतण्याच्या, विनीतच्या, गिऱ्हाइकांना कळलं तेव्हा बरीच हसाहस झाली. समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या टोळीचा सुरक्षाप्रमुख, आणि त्याला कमरेएवढ्या पाण्यात घाम फुटतो. सदूही त्यांच्याबरोबर हसला. कुणावर आवाज चढवायचं त्याला उभ्या जन्मात जमलं नाही.

गडी मूळचा मंडणगडकडचा. एकतीस वर्षं पोफळीच्या पॉवरहाऊसमध्ये, डोंगराच्या पोटात, मशिनं राखण्यात गेली. तिथे पहिल्याच दिवशी त्याला धोंडू फोरमन भेटला. धोंडू नव्या माणसाला आधी मशीन दाखवायचाच नाही. संकटात बाहेर पडायचा जो वेगळा बोगदा होता त्यात न्यायचा, बॅटरी विझवायचा आणि म्हणायचा, "डावा हात भिंतीला लाव नि भायेर ये." हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, ती धोंडूची स्वतःची खोड. सदूने त्या काळोखात गुडघा फोडून घेतला, पण बाहेर आला. पुढे तो लग्नाला गेला तरी आधी कार्यालयाचं मागचं दार बघून यायचा आणि मगच जेवायला बसायचा. त्याची बायको सगुणा या प्रकाराला कायमची कंटाळली होती.

निवृत्तीनंतर तो रत्नागिरीला आला. विनीत तिथे लोकांना स्कूबा शिकवतो. यंदा विनीतने तांबड्या समुद्रावरच्या एका देशात सहल काढली. त्या देशाचं नाव कशाला घ्या. माणसं भली, पण सत्तेवरच्यांची भांडणं अधूनमधून पेटायची. किनारा शांत होता म्हणून लोक जात होते. आठ जणांनी नावं दिली. त्यातली एक दीपाली, लोट्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत काम करणारी. तिची आई मालन मात्र अडून बसली. मालनचा नवरा पोफळीला सदूच्याच पाळीत होता. तो गेल्यापासून तिला ही एकुलती एक लेक.

"सदूभाऊ संगती जात असतील तर जाईल," मालन म्हणाली. "नायतर घरात बसंल."

झालं, सुरक्षाप्रमुख म्हणून सदूचं तिकीट निघालं. मालनने लेक आपल्या भरवशावर सोडली, हे त्याने फार मनाला लावून घेतलं. जायच्या आधी महिनाभर तो विनीतच्या डोक्यावर बसला. सगळ्यांची नावं तिथल्या आपल्या वकिलातीत नोंदवून घेतली. पासपोर्ट हॉटेलात ठेवायचा नाही, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गळ्यात घालायचा. कुठे आहोत त्याचे फोटो घरी पोचल्यावर टाकायचे.

"आनि भायेर यायची वाट कंची?" त्याने विचारलं.

"काका, विमानतळ. आलो तसे जाणार."

"ती पयली झाली. दुसरी सांग."

विनीतकडे दुसरी नव्हती. तिथे पोचल्यावर सदूने ती स्वतः हुडकली. हॉटेलच्या मुदपाकखान्यामागून निघायचं, भिंतींमधली लांबच लांब गल्ली, मग मिठागराचा बांध, आणि पलीकडे कोळ्यांचा धक्का. तिथल्या एका म्हाताऱ्या तांडेलाशी, नावेच्या म्होरक्याशी, त्याने आंबापोळीवर मैत्री जमवली. दोघांना एकमेकांची भाषा ओ की ठो कळत नव्हती. मोडकंतोडकं हिंदी येणाऱ्या हॉटेलमालकाने मध्ये बसून बोलणं करून दिलं: वेळ आलीच तर उत्तरेच्या छोट्या बंदरात सोडायचं, तिथून पलीकडच्या देशाची बोट रोज सुटते.

पहिल्या दिवशी सगळे पाण्यात उतरायला आसुसलेले, आणि या बाबाने त्यांना सामानासकट गल्लीतून चालवलं. परत आणलं. मग म्हणाला, आता डोळे मिटून, डावा हात भिंतीला. लोक वैतागले. विनीतचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. दीपाली तेवढी निमूट चालली.

त्यानंतरचे चार दिवस सोन्यासारखे गेले. वर आलेला प्रत्येक जण माशांच्या रंगांबद्दलच बोलत होता, आणि सदू होडीत बसून डोकी मोजत होता.

पाचव्या दिवशी दुपारी फोन मुके झाले. शहराकडे धुराचे लोट दिसू लागले, लांबून फटफट आवाज आले. विनीतने हॉटेलची गाडी बोलावली आणि बॅगा चढवायला घेतल्या. विमानतळ पाऊण तासावर. रस्त्याचं काय झालंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"विनीत, बॅगा उतरव," सदू म्हणाला.

"काका, आत्ता नको तुमचं."

"बॅगा उतरव."

आवाज असा काही निघाला की सदू स्वतःच दचकला. एकतीस वर्षांच्या टर्बाइनच्या घरघरीतही तो कधी इतक्या मोठ्याने बोलला नव्हता. "रस्त्याची खबर नाय तिकडं मी मानसं नेनार नाय. तुजा बाप आला तरी नेनार नाय."

 दीपालीने आपली पिशवी खांद्याला लावली, मुदपाकखान्याकडे गेली आणि डावा हात भिंतीला लावून चालू लागली. तिच्यामागे एकेक करून सगळे निघाले, शेवटी विनीत.

शहराकडून वाऱ्याबरोबर आलेला धूर गल्लीत इतका उतरला होता की पुढच्याची पाठ दिसेना. कुणी नकाशा मागितला नाही, कुणी धावलं नाही. पायांना वाट पाठ होती. धक्क्यावर तांडेल, धूर बघितल्यापासून, नाव तयार ठेवून उभाच होता. सदूला बघून त्याने नुसती मान हलवली. किनारा मागे पडला तेव्हा सदूने स्वतःला सोडून डोकी मोजली. नऊ. त्याला रडू फुटलं आणि त्याने ते लपवलं नाही. विमानतळाच्या रस्त्यावरचा पूल सकाळपासूनच बंद होता आणि तिथे गोळीबार चालू होता, हे त्यांना बंदरात पोचल्यावर कळलं. विनीत जवळ आला, वाकला आणि काकांच्या पाया पडला. बाकीच्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बंदरावरचे हमालही, काही न कळता, टाळ्या वाजवू लागले.

चार दिवसांनी सदू स्वतः दीपालीला घेऊन लोट्याला गेला. मालन दारातच होती. तिने लेकीला जवळ घेतलं, डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, आणि सदूला पाणी दिलं. सदूने सगळी हकिगत सांगितली, जिथे घाबरला होता तेही सांगितलं. 

"भाऊ," मालन म्हणाली, "पुढल्या खेपेला मलाबी न्या. मासे बघायचे हायत."